कोर्टाची तारीख आणि कोयत्याचा खाडा

अभ्यासपाठ : गुन्ह्याची झळ बसलेल्या कामगाराचे रजेचे व मजुरीचे हक्क



या पाठात ऊस, खत, पाणी यांपैकी काही नाही. पाठ माणसांचा आहे. आपल्या फडात कोयता चालवणारी माणसे आणि आपल्या कारखान्यात पाळीवर उभी राहणारी माणसे, यांच्यावर एखादा गुन्हा घडला तर पुढे काय होते, हे आज पाहावयाचे आहे.

गेल्या हंगामात आमच्या गट कार्यालयात मोखाड्याकडच्या टोळीतला एक तोडणी कामगार आला. बाजारच्या दिवशी रस्त्यात त्याला दोघांनी मारले होते आणि आठवड्याच्या बाजाराचे पैसे हिसकावून घेतले होते. फिर्याद झाली होती, दवाखाना झाला होता. पोलिसांनी त्याला तीनदा बोलावले, एकदा जबाबाला, एकदा पंचनाम्याला आणि एकदा ओळख पटवायला. तिन्ही दिवशी मुकादमाने त्याच्या नावावर खाडा मांडला. तो आम्हाला एवढेच म्हणाला, "साहेब, केस मागं घ्यायचा कागद कुठं मिळतो? पैसे गेले ते गेले, आता वरून खाडा नको."

आम्ही त्याला चहा पाजला, पण उत्तर देता आले नाही. मार त्याने खाल्ला, पैसे त्याचे गेले आणि दंडही त्यालाच. मारणाऱ्यांना हे माहीत असते. गरीब माणूस तारखा करू शकत नाही, हीच गुन्हेगाराची सर्वांत मोठी जामीन असते. म्हणून आम्ही कायद्याची पुस्तके काढून बसलो, जाणकारांना विचारले. जे समजले ते येथे देत आहोत.

१. आधी हिशेब

एका साध्या मारहाणीच्या वा चोरीच्या प्रकरणात किती दिवस मोडतात ते बोटांवर मोजून पाहा. फिर्यादीचा एक दिवस, दवाखाना व दाखला यांचा एक, पंचनाम्याचा एक, पुन्हा जबाबाला एक. मग कोर्टात साक्षीची तारीख पडते. त्या दिवशी साक्ष होईलच असे नाही. आरोपीचे वकील आले नाहीत की पुढची तारीख. असे पाच-सात दिवस सहज जातात.

स्थानिक माणसाला हे जड जात असेल, तर जव्हार-मोखाड्याच्या माणसाचे काय होत असेल? जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ, बहुसंख्य आदिवासी वस्तीचे तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते पालघरमध्ये गेले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी तिथली वस्ती. पावसाळ्यात भात, नागली, वरई निघते. दिवाळी झाली की घराला कडी लावून माणसे बाहेर पडतात. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर, कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत, कुणी बांधकामावर, तर कुणी आपल्यासारख्यांच्या फडात.

आता गुन्हा घडला आपल्या हद्दीत, तर खटला चालणार इथे. हंगाम संपला की माणूस परत मोखाड्याला. वर्षाने समन्स निघते, तेव्हा तो घरी नसतो, भट्टीवर असतो. समन्स परत जाते, साक्ष होत नाही, आरोपी सुटतो. उलट गुन्हा घडला गावी आणि माणूस आपल्या फडात असला, तर खोडाळ्याकडून मोखाडा, मोखाड्याहून जव्हार, पुढे विक्रमगड, मनोर करीत पालघर गाठायचे. एका तारखेत दोन-तीन दिवस मोडतात.

२. कायद्यात 'पीडिताची रजा' आहे काय?

सरळ उत्तर : नाही. 'गुन्ह्याची झळ बसलेल्या प्रत्येक कामगाराला अमुक दिवस पगारी रजा' असा एकच सर्वांना लागू होणारा कायदा आपल्या देशात नाही. परंतु निरनिराळ्या कायद्यांत याचे तुकडे विखुरलेले आहेत. ते एकत्र केले तर बरेच काही हाती लागते. एकेक पाहू.

(अ) कारखान्यातला कायम व हंगामी कामगार. पूर्वी १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरले तर दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत २४० ऐवजी १८० दिवसांची अट आहे, प्रमाण तेच २० दिवसांस एक. ही रजा कोर्टाच्या कामाला वापरता येते. पण ही त्याची हक्काची विश्रांतीची रजा. ती तारखांत संपली तर सणाला, आजारपणाला काय उरले? शिवाय हंगामी कामगाराचे १८० दिवस भरतातच असे नाही.

(आ) तोडणी कामगार. त्याचे नाव हजेरीपटावर नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, उचल मुकादमाकडून. इथे रजा हा शब्दच नाही, आहे तो फक्त खाडा. म्हणजे कामावर न आल्याची मजुरी बुडतेच आणि वर दंड उचलीत चढतो. सर्वांत जास्त गरज ज्याला, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी, अशी ही स्थिती आहे.

(इ) कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ. १९९२ साली राजस्थानात एका ग्रामीण कार्यकर्तीवर अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या 'विशाखा' खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९७ साली नियम घालून दिले आणि २०१३ साली कायदा झाला. या कायद्याच्या १२ व्या कलमात रजेची स्पष्ट तरतूद आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीने लेखी मागणी केली, तर समिती तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. ही रजा तिच्या इतर हक्काच्या रजेतून वजा होत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी स्त्रियांना २०१७ पासून अशी ९० दिवसांपर्यंतची विशेष रजा नियमातच दिलेली आहे.

इथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्या. पहिली : या कायद्यातली 'कर्मचारी' म्हणजे केवळ कायम बाई नव्हे. रोजंदारीची, तात्पुरती, ठेकेदारामार्फत लागलेली, सगळ्या त्यात येतात. तेव्हा 'ती मुकादमाची माणसं, आमची नव्हेत' असे म्हणून कारखान्याला हात झटकता येणार नाहीत. दुसरी : कलमात 'पगारी' हा शब्द घातलेला नाही. तो शब्द आपण आपल्या ठरावात घालू शकतो.

दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. नसेल तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहाहून कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मुदत वाढते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे.

(ई) घरातील मारहाण. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात रजा नाही. परंतु २० व्या कलमाप्रमाणे बुडालेली कमाई आणि औषधाचा खर्च भरून देण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. म्हणून बुडालेल्या रोजांची नोंद ठेवावी.

३. जव्हार-मोखाड्याच्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाचा नियम

हा भाग दोनदा वाचावा, कारण तो फार थोड्यांना ठाऊक आहे.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याचा कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि पीडित या समाजाचा असेल, आणि या कायद्याची कलमे लागली असतील, तेव्हा हे नियम चालतात. त्यांतला ११ वा नियम असा :

पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना व साक्षीदारांना घरापासून तपासाच्या किंवा खटल्याच्या जागेपर्यंतचे जाण्यायेण्याचे भाडे मिळते.

जितके दिवस तो या कामासाठी घराबाहेर राहील, तितक्या दिवसांचा निर्वाहखर्च मिळतो. हा खर्च सरकारने ठरवलेल्या शेतमजुराच्या किमान वेतनाहून कमी असता कामा नये. जेवणाचा खर्च वेगळा.

स्त्री, अज्ञान मूल, साठीच्या वरचा माणूस किंवा ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेला माणूस असेल, तर त्याच्या पसंतीचा एक सोबती नेता येतो. सोबत्याचेही भाडे मिळते.

हे पैसे लगेच, फार तर तीन दिवसांच्या आत, जिल्हा दंडाधिकारी, प्रांत किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी द्यावयाचे आहेत. आणि ते केवळ कोर्टाच्या तारखेचे नव्हेत. पोलीस ठाणे, दवाखाना, तपास अधिकारी यांच्याकडे घालवलेल्या दिवसांचेही आहेत.

बघा, कायद्याने येथे रोज बुडतो हे मान्य केले आहे आणि तो भरून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पुढे २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिने प्रवासखर्च व निर्वाहखर्च हा पीडिताचा हक्क म्हणून मूळ कायद्यातच, कलम १५-अ मध्ये, लिहिला. जव्हारला प्रांत कार्यालय आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अर्ज तिथे विचारावा. मात्र गुन्हा आपल्या जिल्ह्यात घडला असेल तर आपल्या प्रांताकडे अर्ज करावा लागेल, आणि त्या कामी परक्या मुलखातल्या माणसाला आपल्याच कार्यालयाने हात दिला पाहिजे.

आरोपी आणि फिर्यादी दोघे आदिवासी असतील तर हा नियम लागत नाही. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५० वापरावे. फौजदारी कोर्टाला योग्य वाटल्यास फिर्यादीचा व साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. न मागता सहसा मिळत नाही. साक्ष झाली की उठून, नम्रपणे, "मला भत्ता मिळावा" असे म्हणावे.

४. दिवस मुळातच कमी मोडावेत म्हणून

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातल्या काही सोयी फिरत्या कामगाराच्या फार उपयोगाच्या आहेत.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात. गुन्हा कुठेही घडो, कलम १७३ प्रमाणे जवळच्या ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर देता येते. नाशिककडे काही घडले आणि माणूस घाबरून गावी पळाला, तर जव्हार किंवा मोखाडा ठाण्यातही ती घ्यावी लागते. पुढे ती योग्य ठाण्याकडे जाते. 'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. खबरीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नये.

जबाब घरी. कलम १७९ प्रमाणे स्त्री, १५ वर्षांखालचे मूल, ६० च्या वरचा माणूस, अपंग किंवा आजारी माणूस यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या ठिकाणी यावयाचे. टोळीतल्या बाईचे राहते ठिकाण म्हणजे तिची कोपी.

तपासाची खबर. ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्यासाठी हेलपाटे नकोत. फिर्याद देताना गावचा पत्ता, हंगामातला पत्ता व मोबाईल नंबर, तिन्ही लिहून द्यावे.

दूरचित्रावरून साक्ष. कलम ५३० प्रमाणे कोर्टाचे कामकाज इलेक्ट्रॉनिक साधनांनी चालवता येते. लांबच्या साक्षीदाराने सरकारी वकिलामार्फत तसा अर्ज करावा. हुकूम देणे कोर्टाच्या हाती आहे, पण मागणे आपल्या हाती आहे.

फुकट वकील. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल, वेठबिगारीचा बळी आणि औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या नंबरावर फोन करावा. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिच्याखालची मदत १० लाखांपर्यंत होऊ शकते. अशा पीडितांवर सरकारी काय, खाजगी काय, कुठल्याही दवाखान्याने प्रथमोपचार वा उपचार फुकट करावयाचे आहेत.

५. उचल फिटली नाही म्हणून जाऊ न देणे

आता एक कडू गोष्ट. 'उचल फिटल्याशिवाय टोळीतून हलायचं नाही, कोर्ट असो की काही असो,' असे बोल आपण सर्वांनी ऐकले आहेत. हे नुसते कठोर बोलणे नव्हे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे, आगाऊ रकमेपायी माणसाचे मोकळेपणाने येणे-जाणे किंवा दुसरे काम धरणे बंद केले, तर ती वेठबिगारी होते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. असे कर्ज कायद्याने बुडते. आणि १५ व्या कलमाप्रमाणे, 'ही वेठबिगारी नव्हे' हे सिद्ध करण्याचे ओझे कर्ज देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही.

हे जुन्या काळचे म्हणून सोडून देऊ नका. वसई-ठाणे भागात १९८० नंतर श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवण्याची चळवळ केली, ती कुठल्या लांबच्या प्रांतात नव्हे. आणि अगदी २०२१ साली मोखाडा तालुक्यात एका आदिवासी बापाने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीच्या कापडासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी त्याला राबवून घेतले, असा आरोप झाला आणि पोलिसांनी वेठबिगार कायद्याखाली गुन्हा नोंदवला. पाचशे रुपये! आपल्याकडच्या उचली त्याच्या कितीतरी पट असतात. तेव्हा कोर्टाच्या तारखेला अडवणारा मुकादम आपल्याला कुठे नेऊन उभा करील, याचा विचार संचालकांनी व सभासदांनी करावा.

सुटका झालेल्या वेठबिगाराला केंद्राच्या योजनेप्रमाणे पुरुषास एक लाख, स्त्री व मुलांस दोन लाख, आणि अतिशय गंभीर प्रकरणात तीन लाख रुपये अशी मदत ठरलेली आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्याकडे करावी.

६. बाहेर काय चालते?

फिलिपाईन्समध्ये २००४ च्या कायद्याने घरगुती अत्याचार सोसलेल्या कामगार स्त्रीला दहा दिवसांपर्यंत पगारी रजा दिली. न्यूझीलंडने २०१९ पासून दहा दिवस दिले, ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामाच्या ठिकाणच्या हिंसेविरुद्ध १९० क्रमांकाचा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत अशा रजेचा उल्लेख केला. म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही.

७. आपण काय करू शकतो?

कायदा होईल तेव्हा होईल. सहकारी कारखान्याचे मालक आपणच. आपल्या सभेला ठराव करायला कुणी अडवले आहे? चर्चेसाठी आम्ही पुढील कलमे मांडतो :

१) पोलीस ठाणे, दवाखाना किंवा कोर्टाचा कागद दाखवल्यास त्या दिवसाचा खाडा कुठल्याही मुकादमाने लावू नये. तोडणी-वाहतूक करारातच ही अट घालावी.
२) तोडणी कामगारास अशा दिवशी शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी रक्कम कामगार कल्याणाच्या पैशातून द्यावी. हंगामात दहा दिवसांपर्यंत.
३) कारखान्यातील कामगारास दहा दिवसांपर्यंत विशेष पगारी रजा द्यावी. ती इतर रजेतून वजा करू नये.
४) अंतर्गत समितीतील बायकांची नावे व फोन नंबर गट कार्यालयात आणि टोळ्यांच्या तळावर मोठ्या अक्षरांत लावावे.
५) कागद पाहणाऱ्या कारकुनाने प्रकरण गुप्त ठेवावे. 'कशाची केस?' हा प्रश्न चारचौघांत विचारू नये.

काही सभासद म्हणतील, "असं केलं तर उद्या प्रत्येकजण कोर्टाचं नाव सांगून घरी बसेल." त्याला उत्तर कागदाचे आहे. समन्स असते, खबरीची प्रत असते, केसपेपर असतो, कोर्टातून हजर राहिल्याचा दाखला मागता येतो. कागद नाही तर सवलत नाही. दुसरे म्हणतील, "तोड थांबते, ऊस वाळतो." एका कोयत्याचा एक दिवस गेला म्हणून गाळप थांबत नाही. पण आपल्या फडात माणसाला मार बसतो आणि दाद मागितली की दंड होतो, ही बातमी डोंगरात पोचली, तर पुढल्या वर्षी टोळ्या येणार नाहीत, तेव्हा मात्र ऊस नक्की वाळेल. आणि हिशेब बाजूला ठेवला तरी, ज्याच्या घामावर आपले टनेज भरते त्याच्या न्यायाच्या आड आपला खाडा येऊ नये, इतके तरी आपल्याकडून व्हावे.

त्या कामगाराची केस आम्ही मागे घेऊ दिली नाही. मुकादमाशी बोललो, तीन खाडे खोडायला लावले. साक्षीची तारीख अजून पडायची आहे. गावचा पत्ता आणि नंबर ठाण्यात नोंदवून घेतला आहे. तारीख पडेल त्या दिवशी त्याचे भाडे व रोज कोण देणार, हे मात्र आपल्या ठरावावर अवलंबून आहे.

पाठावरील प्रश्न (गट बैठकीत चर्चेसाठी)

१) आपल्या गटात तळावर असलेल्या टोळ्यांतील किती जणांना अंतर्गत समितीचे नाव माहीत आहे?
२) गेल्या हंगामात पोलीस, दवाखाना वा कोर्ट या कारणाने किती खाडे लागले? मुकादमांच्या वह्या पाहून सांगा.
३) अत्याचार प्रतिबंधक नियमांतील ११ व्या नियमाचा अर्ज आपल्या प्रांत कार्यालयात कुणी करून पाहिला आहे काय?
४) वरील पाच कलमांपैकी कोणते आपल्याला मान्य नाही, आणि का?

उत्तरे चिटबॉयमार्फत किंवा स्वतः गट कार्यालयात पोचवावी. सभेपुढे ठराव मांडताना ती आम्हाला उपयोगी पडतील.